वरून येणारी पानं

वर प्रिंटर घरघरला.

दुपारचे दोन वाजत आले होते. भिंगरी नुकती झोपली होती आणि घरात इतकी शांतता होती, की फ्रिज मधेच बंद झाला तर त्याचं बंद होणंही कानाला जाणवावं. त्या शांततेत छताच्या वरून आधी एक खट्ट, मग चाकं फिरल्यासारखी घरघर, मग कागद ओढला जाताना होते ती लांब सरसर. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. हातातला टॉवेल अर्ध्या घडीतच पलंगावर टाकून मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले आणि मान वर करून उभी राहिले.

दोरी खाली आली नाही.

येणारच नव्हती. मी आज काही पाठवलंच नव्हतं. आठ दिवसांत पाठवलेली सहा चित्रं लॅपटॉपमध्ये एकामागे एक रांग धरून बसली होती, आणि रांगेच्या डोक्यावर करड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ऑफलाइन'. म्हणजे वरचा प्रिंटर ठणठणीत होता. फक्त आमच्यासाठी नव्हता.

वरच्या मजल्यावर ताई राहायच्या. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, भिंगरीची आत्या. शाळेची पुस्तकं छापून निघण्याआधी त्यांतल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. पडद्यावर वाचलेलं त्यांच्या डोळ्यांना पटत नाही, म्हणून प्रत्येक पान छापून घ्यायचं आणि पेन्सिल घेऊन बसायचं. त्यासाठी हा प्रिंटर. माझा नवरा जहाजाच्या इंजिनखोलीत काम करतो, चार महिने तिकडे, दीड महिना इकडे. अशाच एका दीड महिन्यात त्याने खालचा राउटर, वरचा प्रिंटर आणि माझा लॅपटॉप यांची मोट बांधून दिली. म्हणाला होता, "आता तुला कधी काही छापायचं झालं तर वर जायलाही नको." फार मोठी सोय केल्यासारखा.

छापायला माझ्याकडे होतं काय? पण भिंगरीकडे होतं. साडेचार वर्षांची पोर, माउस धरून पडद्यावर चित्रं काढते. एकदा तिने हत्ती काढला आणि गंमत म्हणून मी छापायचं बटण दाबू दिलं. छतात घरघर झाली. ती दचकून माझ्या मांडीवर चढली. मग वर ताईंच्या सपाता चालत गेल्या, खिडकी उघडली, आणि थोड्या वेळाने आमच्या खिडकीबाहेर कपड्यांच्या चिमट्याला लटकलेला हत्ती झुलत झुलत खाली आला. पानाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'कान असमान. चालेल.'

तेव्हापासून रोजचंच झालं. झोपून उठली की भिंगरी एक चित्र काढणार, बटण दाबणार आणि खिडकीशी स्टूल ओढून बसणार. ताईंच्या शेऱ्यांना तर तोड नव्हती. 'मांजरीस पाच पाय. एक वगळावा.' 'सूर्य हसतो आहे, कारण स्पष्ट करावे.' कधी भिंगरीच्या शेऱ्याखाली माझ्यासाठीच एखादी ओळ असायची: 'काल रात्री खोकत होतीस. गरम पाणी पी.' मी भिंगरीला शेरा वाचून दाखवायचे, पण ती ओळ मनातल्या मनात वाचायचे. दिवसभरात मोठ्या माणसाने माझ्याशी बोललेलं ते तेवढंच असायचं.

आता आठ दिवस तेही नव्हतं.

मी दादाला फोन लावला. दादा माझा सख्खा भाऊ, आठ तासांच्या अंतरावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हा आमचा तिसरा फोन होता. पहिल्या वेळी त्याने रांगेतली चित्रं रद्द करायला लावली, दुसऱ्या वेळी राउटर बंद करून पुन्हा चालू करायला. दोन्ही करून झालं होतं. चित्रं पुन्हा पाठवली, पुन्हा रांगेत जाऊन बसली.

"बोला," दादा म्हणाला. "झोपली का आमची भाची?"

"झोपली. दादा, अजून ऑफलाइनच दाखवतोय."

"प्रिंटर चालू आहे याची खात्री आहे ना?"

"आत्ताच आवाज आला."

"कुठून?"

"छतातून."

"बाई, मी एवढी वर्षं दुकान चालवतोय, पण छतातून आवाज आला म्हणून चालू आहे असं सांगणारं गिऱ्हाईक पहिलंच. वर जाऊन बघून का येत नाहीस?"

"भिंगरी झोपलीय."

"मग उठल्यावर जा. किती पायऱ्या आहेत?"

"चौदा."

"मोजून ठेवल्यास, चढायच्या मात्र नाहीत."

"तू इथून काय करता येईल ते सांग ना आधी."

त्याने उसासा टाकला, पण फोन ठेवला नाही. खरं कारण मी त्याला सांगितलं नव्हतं.

खरं कारण होतं जिराफ. मागच्या आठवड्यात सोमवारी भिंगरीने जिराफ काढला होता. मी वाळत घातलेले कपडे काढायला मागच्या दारी गेले. तिने बटण दाबलं. पडद्यावर काहीच हललं नाही म्हणून पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिली. मी आत आले तेव्हा छत थांबायचं नाव घेत नव्हतं. वरची खिडकी उघडली आणि दोरीऐवजी ताईंचं डोकं बाहेर आलं.

"अगं, हे काय चाललंय? सदतीस मोजले मी. आणि एकालाही डोकं नाही."

जिराफाची मान कागदाच्या कडेपर्यंत जाऊन तिथेच तुटली होती. मी खालून हसले, त्याही हसल्या. मग खिडकी लावता लावता म्हणाल्या, "आज माझं जरा घाईचं काम होतं गं."

एवढंच. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. या घरात येऊन मला सहा वर्षं झाली, तरी कुणाला आपला त्रास होतोय अशी नुसती शंका आली की माझा जीव अर्धा होतो. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साधं, छोटं फुलपाखरू पाठवायला लावलं. छत गप्प राहिलं. मला वाटलं, ताईंनी आमची वाट बंद केली. आणि वाट बंद करणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन 'का हो बंद केलीत' असं विचारायचं कसं?

भिंगरीने मात्र त्या दिवशी तासभर स्टूल सोडलं नाही. शेवटी म्हणाली, "आत्या झोपली असेल." रोज तेच म्हणायला लागली.

"ऐक," दादा फोनवर सांगत होता, "ती काळी चौकट उघड. मागच्या वेळी प्रिंटरचा नंबर लिहून घेतला होतास ना?"

"शेवटी सतरा."

"तो नंबर टाक आणि हाक मार त्याला. पिंग म्हणतात. आपण विचारायचं, आहेस का? तो असेल तर म्हणतो, आहे."

मी टाकलं. काळ्या चौकटीत एक ओळ आली. मग दुसरी. चार वेळा विचारून झालं, चारही वेळा उत्तर नाही.

"चारदाच विचारतं का?" मी म्हटलं.

"चारदाच. तेवढ्यात कळतं. तू काय, अजून विचारत बसणार होतीस?"

मी ती चौकट बंद केली.

"बरं, आता शेवटचं. राउटरच्या आत जा. मागे चिकटवलेल्या कागदावर पासवर्ड असेल. आत गेलीस की एक यादी दिसेल, घरात कोण कोण जोडलेलं आहे त्याची."

राउटर उलटा करून बारीक अक्षरं वाचताना दोनदा चुकले. तिसऱ्यांदा आत शिरले. यादी उघडली.

"वाच," दादा म्हणाला.

"माझा फोन. माझा लॅपटॉप. टीव्ही."

"पुढे?"

"संपली."

"नीट बघ. ताईंचा फोन, त्यांचा कॉम्प्युटर, वरचं काहीतरी असेलच."

"नाही दादा. तिघंच आहोत. म्हणजे, तीनच आहेत."

त्याच्या मागे दुकानात कुणीतरी काहीतरी विचारत होतं. त्याने त्याला थांबायला सांगितलं. परत फोनवर आला तेव्हा त्याच्या आवाजातली चेष्टा निघून गेली होती.

"म्हणजे प्रिंटर बिघडलेला नाही. वरचा सगळा मजलाच तुझ्या नेटवर्कवर नाही. त्यांनी स्वतःचं वेगळं काहीतरी घेतलंय. इथून पुढे माझ्या हातात काही नाही, बाई. आता त्या चौदा पायऱ्याच."

फोन ठेवल्यावर मी ती यादी बघत बसले. फोन, लॅपटॉप, टीव्ही. मागच्या रविवारी नवऱ्याचा फोन आला होता, तो आठवला. नेहमीसारखा घाईघाईचा, वाऱ्याच्या आवाजातला. भिंगरी जेवते का, तुझी पाठ कशी आहे, आणि मग तीनदा 'बाकी काय?' तिसऱ्यांदा 'बाकी काय' म्हणून तो जरा थांबला होता. मला वाटलं, सिग्नल गेला.

भिंगरी कुशीवर वळून गाढ झोपली होती. मी दार सताड उघडं ठेवलं, म्हणजे ती उठली तर वर ऐकू येईल, आणि पायऱ्या चढले. वर पोचल्यावर बेल वाजवायला हात उचलला, तर दार नुसतं लोटलेलं होतं.

"कोण? ये, ये. उघडंच आहे."

ताई जमिनीवर बसल्या होत्या. भोवती खोकी. भिंतीवरचं पुस्तकांचं कपाट रिकामं होतं आणि जिथे पुस्तकं असायची तिथे भिंतीचा मूळचा, जास्त गडद रंग दिसत होता. त्यांच्या मांडीवर चहाचा कप होता आणि त्या तो कागदात गुंडाळत होत्या. कागदावर चार पाय, ठिपके आणि लांब मान. डोकं नव्हतं.

खोक्यात आधीच गुंडाळून ठेवलेले कप होते. सगळे जिराफांत.

"चहा करते म्हटलं असतं," ताई म्हणाल्या, "पण कप बांधून झालेत. वाटीत चालेल?"

मी खाली बसले. काय विचारायचं ते पाठ करून आले होते, त्यातलं तोंडातून एवढंच निघालं, "ताई, प्रिंटर लागत नाहीये."

"लागणार कसा? नव्या ऑफिसने लॅपटॉप दिलाय आणि त्याबरोबर इंटरनेटची ती डबी. म्हणाले, काम सगळं त्यावरूनच करायचं. मग फोन, प्रिंटर, सगळं तिलाच जोडलं." कपाच्या कानाभोवती त्या कागद दाबत राहिल्या. "मला वाटलं, तू दुसऱ्याच दिवशी वर येशील आणि विचारशील."

"मला वाटलं, तुम्ही जिराफांवरून रागावलात."

"जिराफांवर कुणी रागावतं का?" त्यांनी मान वर केली. "मी रोज चार वाजता खिडकीशी बसायचे. काही येईना. म्हटलं, हिला कळलेलं दिसतंय. आणि रागावली असेल तर तिचंही बरोबर आहे."

"काय कळलेलं?"

ताईंचा हात थांबला. "त्याने सांगितलं नाही?"

मी नकारार्थी मान हलवली.

"तीन आठवडे झाले मी त्याला सांगून. म्हटलं, बाबा रे, मला दुसऱ्या गावी नोकरी लागलीय, पक्की, कार्यालयात बसून करायची. घरी सांगायचं माझ्याच्याने होणार नाही, तू सांग तिला. म्हणाला, रविवारी सांगतो." त्या हसल्या, पण ते हसू ओठांपर्यंतच आलं. "आमच्या घरातली माणसं. एकाने दुसऱ्यावर ढकलायचं आणि दुसऱ्याने 'बाकी काय' विचारायचं."

"कधी जायचंय?"

"शनिवारी."

त्या दिवशी बुधवार होता.

मला खूप काही म्हणायचं होतं. की तुम्ही गेलात तर या घरात संध्याकाळपर्यंत माझं नाव घेऊन हाक मारणारं कुणी नाही. की पानांमागच्या त्या ओळी मी टाकलेल्या नाहीत, कपाटात साड्यांच्या खाली आहेत, सगळ्या. पण त्या पंचेचाळीसच्या घरात आल्यात, आयुष्यभर खोलीत बसून दुसऱ्यांच्या चुका शोधल्यात, आता कुणीतरी त्यांना खुर्ची-टेबल देऊन बोलावलंय. माझ्या एकटेपणाचं ओझं त्यांच्या खोक्यांवर कुठे ठेवू?

"छान झालं, ताई," मी म्हटलं. "मनापासून."

"हे वाक्य तपासायला हवं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. वाटीतला चहा आम्ही दोघींनी आळीपाळीने फुंकर मारत प्यायला. खालून भिंगरीची हाक येईपर्यंत.

प्रिंटर त्यांनी मलाच दिला. "तिकडे त्यांचा आहे, कपाटाएवढा. हा तुमचाच. यावर निम्मी पानं तर तुमचीच छापलीत." शुक्रवारी आम्ही दोघींनी तो दोन बाजूंनी धरून चौदा पायऱ्या उतरवला. भिंगरी पुढे राहून, उलट्या पावलांनी उतरत आम्हाला वाट दाखवत होती. "सावकाश, आत्या. अजून एक आहे. अजून एक आहे." ताईंनी तो लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवला, वायरीने जोडला आणि चष्मा कपाळावर सरकवून सेटिंग बघितलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "इथे कागदाचं माप चुकीचं निवडलंय. म्हणून जिराफांची डोकी उडाली."

"एवढंच होतं?"

"एवढंच. मी खाली येऊन पाहिलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. पण मला ते अर्धवट जनावर आवडायला लागलं होतं."

भिंगरीला त्यांनी स्वतःच सांगितलं, मांडीवर घेऊन, आपण दुसऱ्या गावाला कामाला जातोय म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडे खिडकी आहे का?" ताई म्हणाल्या, आहे. तेवढ्यावर तिचं समाधान झालं.

शनिवारी सकाळी टेम्पो आला आणि अर्ध्या तासात गेला. जाताना ताईंनी दोरी सोडवून, गुंडाळून, चिमट्यासकट माझ्या हातात दिली. "कपडे वाळत घालायला होईल," म्हणाल्या. पायरीवर थोडा वेळ घुटमळल्या. मग टेम्पोच्या पुढच्या सीटवर चढून बसल्या आणि वळणापर्यंत मागे बघत राहिल्या.

दुपारी दादाने आपणहून फोन केला.

"काय गं, झालं का प्रिंटरचं?"

"झालं. आता वायरीनेच जोडलाय. टेबलावर आहे, शेजारी."

"बेस्ट. वायरीला तोड नाही. आता तुला कधी अडचण यायची नाही." मग म्हणाला, "मी येऊ का दोन दिवस?"

"दुकान कोण बघेल?"

"ते पण आहेच."

फोन ठेवल्यावर मी छताकडे बघितलं. सपाता चालत नव्हत्या. खुर्ची सरकत नव्हती. छतालाही वजन असतं, आणि ते कुणीतरी वर चालत असताना कमी वाटतं, हे मला त्या दुपारी कळलं. मी दोरी हातात घेऊन बसले होते. तिच्या एका टोकाला पेन्सिलीचा काळपटपणा लागला होता, ताईंच्या बोटांचा.

भिंगरी उठली. डोळे चोळत आली, खुर्चीवर चढली, माउस धरला. बराच वेळ जिभेचं टोक बाहेर काढून काम चाललं. मग जिराफ झाला. पूर्ण. मानेवर डोकं, डोक्यावर दोन शिंगं, आणि ओठांवर हसू.

"दाबू?"

"दाब. एकदाच हं."

तिने दाबलं. हाताएवढ्या अंतरावर खट्ट झालं, घरघर झाली, आणि कागद सरसरत तिच्याच पुढ्यात आला. तिने तो लगेच घेतला नाही. आधी छताकडे बघितलं. मग खाली उतरली, स्टूल ओढत खिडकीशी नेलं, वर चढली आणि बाहेर मान काढून वर बघितलं. थोड्या वेळाने ती परत आली, प्रिंटरमधून कागद उचलला आणि दोन्ही हातांत धरून निरखला. डोकं आलं होतं. कान सारखे होते.

"बघ, किती छान आलाय," मी म्हटलं.

तिने पान उलटलं. पुन्हा सुलटं केलं. पुन्हा उलटलं आणि उजेडाकडे धरलं, एखादं अक्षर दडून राहिलं असेल तर दिसावं म्हणून. मग माझ्याकडे वळून विचारलं,

"आई, आता तर हा आपल्याजवळ आहे ना? मग याच्या मागे काहीच का नाही आलं?"